मी नसताना बुजणारा बोगदा

१० एप्रिल
मोलगीच्या बाजारातून परत. अंगाला धूळ, जिभेला आमचूर, मनाला किळस. बातमी गेली नाही.

इथे लिहून ठेवतो, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही. पेपरच्या नव्या सिस्टीमला माझी बातमी फक्त माझ्या घरच्या नेटवरून चालते. सुरक्षा, म्हणे. व्हॉट्सअॅपवर आलेली बातमी ही बातमी नव्हेच. बावीस वर्षं डोंगरात जातोय, आणि आता डोंगरात गेलो की मी मी राहत नाही.

म्हणून महिनाभर खपून घरच्या राऊटरमधलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे त्याचा आतला प्रोग्राम, पुसलं, फोरमवरचं फुकटचं भरलं, त्यात व्हीपीएन सर्व्हर, म्हणजे बाहेरून घरच्या नेटमध्ये शिरायचा बोगदा, बसवला. फोन मोलगीत, पण बोगद्यातून घरी जाणार आणि घराच्या तोंडाने बोलणार. घरी वायफाय बंद करून मोबाईल डेटावर दहादा तपासलं. दहाही वेळा चाललं. आज साडेतीनला बाजारात उभा राहून हाक मारतोय, घर ओ देत नाही.

बातमी चांगली होती. रूपाबाईची आमचुराची पाटी रेशन दुकानाच्या काट्यावर अकरा किलो, व्यापाऱ्याच्या काट्यावर नऊ. दोन्ही वजनं एका व्हिडिओत. बाई म्हणाली, "तू लिव." डोंगरात कलेक्टरपासून माझ्यापर्यंत सगळे 'तू'. बरं वाटतं.

चारला डेस्कचा फोन. "सर, पान छपाईला सोडलं." मग मध लावून, "तीनदा चुकलं तर डोंगराचं पान जिल्ह्यातूनच भरायचं ठरलंय. तुम्हाला म्हणून सांगतो." ही पहिली. जिल्ह्यातून म्हणजे जिल्हा प्रतिनिधी बी.डी. त्याला मोलगी नकाशात बघूनही दम लागतो.

११ एप्रिल
राऊटरची नाडी पाहिली. काल घरी येऊन त्याचं पान उघडलं तेव्हा अपटाइम, म्हणजे सलग चालू असल्याचा वेळ, चौदा मिनिटं होता. म्हणजे डबा मध्ये मरून पुन्हा जन्मला. लॉग कोरा, बंद पडला की याची स्मृती जाते. पूर्वजन्माचं काही आठवत नाही, आपल्यासारखंच.

संशय अडॅप्टरवर. नवा आणला. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनल आहे," आणि डोळे दुसरीकडे वळवले.

१२ एप्रिल, रविवार
अडॅप्टरची परीक्षा. सौ. घरी. मी रेल्वे स्टेशनवर जाऊन बाकावर बसलो, बोगदा पहिल्या फटक्यात लागला. डेस्कच्या सिस्टीममध्ये शिरून स्वतःची जुनी बातमी वाचली. वाईट होती.

परतताना चाचा जिन्याखाली खुर्चीवर. आमचे घरमालक. मिरचीची पेढी मुलांच्या हाती देऊन बसले आहेत. मुलं दुकानातून चहा पाठवतात, गादीवर बोलवत नाहीत. "शास्त्रीभाऊ, हप्ताभर काय करी ऱ्हायनात वर? त्या डबडाले मंतर दी ऱ्हायनात का?"
म्हटलं, "मंत्र घेतंय चाचा, फळ देत नाही."
"मंग दक्षिणा कमी पडनी व्हई."

१४ एप्रिल
वरचेवर मरणारा राऊटर बरा नव्हे, म्हणून फर्मवेअरची नवी आवृत्ती घालायला गेलो. फोरमवर एक महात्मा लिहितो, 'स्थिर आहे'. स्थिरच झाला. दगडासारखा. तीन तास रिसेटचं बटण टाचणीने दाबत पाय पोटाशी घेऊन बसलो. सुटी असल्यामुळे सौ. हे सगळं बघत होती.

"आधीचं कंपनीचं होतं," ती म्हणाली, "तेव्हा निदान मला भरताची रेसिपी दिसायची."
"तुला भरीत येतं."
"तुम्हाला बातम्या येतात. उपयोग?"

जुनी आवृत्ती परत घातली. बोगद्याच्या किल्ल्या पुन्हा बनवल्या, पोर्ट पुन्हा उघडला. घरात चालतो. घरात काय, माझं सगळंच चालतं.

१७ एप्रिल
दुसरी चूक.

दीड वाजता रूपाबाईने गाठलं. "पेपरात नाय आलं. व्यापारी हसला." नवऱ्यानेही ऐकवलं असावं, कारण तो लांब उभा राहून माझ्याकडे पाहत होता. व्यापाऱ्याने आज तिचा माल घेतलाच नाही. "तू म्हणला लिवतो," बाई म्हणाली. पाटी परत घरी, डोंगर चढून. तिचं तेवढंच वाक्य आणि मला जागा पुरेना.

साडेतीनला बोगदा मेलेला. डेस्क म्हणालं, "सर, दुसरी." आवाजात मध नव्हता.

घरी साडेसहाला. स्कूटर लावली. चाचा भिंतीला धरून उभे. "उनात का?" आलात का, एवढंच. वर गेलो, पाणीही न पिता राऊटर पाहिला. अपटाइम तीन मिनिटं.

शिसारी आली. यंत्राची नव्हे. यंत्र आपल्याला ओळखतं असं वाटायला लागलं, त्याची.

१८ एप्रिल
शांतपणे अन्वय-व्यतिरेक लावला. शाळेत गुरुजींनी छडीच्या साक्षीने शिकवलेला, तो उगाच नव्हे. जे असताना कार्य होतं आणि जे नसताना होत नाही, ते कारण.

मी घरी: चालतो. रविवारी मी स्टेशनवर, सौ. घरी: चालतो. मी मोलगीत, सौ. शहाद्याला कॉलेजच्या ग्रंथालयात: मेलेला. मोलगीचा टॉवर निर्दोष. अडॅप्टर निर्दोष. फर्मवेअरची माफी मागायला हवी.

निष्कर्ष: घरात माणूस असेल तरच राऊटर जिवंत राहतो. सौ.ला वाचून दाखवलं. "एकटं वाटत असेल त्याला," म्हणाली.

२० एप्रिल
सकाळी सौ. साडेआठच्या एसटीने शहाद्याला. मी दहाला स्कूटर काढली, चाचांना नेहमीसारखं "येतो" म्हटलं, वळणावर पानटपरीशी गाडी लावली आणि चोरासारखा चालत परत आलो. पन्नाशीत स्वतःच्या घरावर पाळत.

चाचा खुर्चीतून उठले. उठायला काठी, भिंत आणि बराच वेळ लागला. जिन्याखाली मीटरची पेटी आहे. तिचं दार उघडलं, चष्मा वर केला, बिस्मिल्ला म्हणून आमच्या बैठकीच्या खोलीचं बटण खाली पाडलं. दार लावलं. रुमालाने हात पुसले. परत खुर्ची.

मी टपरीवर येऊन दोन चहा प्यायलो. दुसरा नको होता.

अकरा वर्षांपूर्वी आमचा टीव्ही जळाला. कुणी घरी नव्हतं, धूर चाचांनी पाहिला, दार त्यांनी तोडलं. तेव्हा मीच म्हणालो होतो: "चाचा, आम्ही दोघं नसलो की बैठकीचं बटण पाडत जा." बोललो आणि विसरलो. फ्रीज स्वयंपाकघरात, तो दुसऱ्या बटणावर. म्हणून कधी कळलं नाही. आणि स्कूटरचा आवाज आला की मी जिना चढायच्या आत ते बटण वर. अकरा वर्षं. त्यांना खोकला असताना, रोज्यात, मोठ्या मुलाने वेगळी चूल मांडली त्या महिन्यात.

सौ. म्हणाली, "सांगून टाका."
"तू सांग."
"मी का? बोगदा तुमचा."

कोणीच सांगितलं नाही.

२१ एप्रिल
बॅटरीचा छोटा डबा आणला. वीज गेली तरी राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही चार तास चालतात म्हणे. दुकानात याला बॅकअप म्हणतात. घरी याचं नाव भित्रेपणा. चाचांनी बटण पाडावं, त्यांचं काम व्हावं, बोगदा खालून वाहत राहावा.

कलेक्टर कचेरीच्या आवारातून तपासलं. लागला. आनंद झाला नाही. खालच्या म्हाताऱ्याला फसवायची सोय पक्की झाली, एवढंच.

२३ एप्रिल
उद्या बाजार. चार तासांचं गणित बसत नाही: दहाला निघालो तर दोनला बॅटरी संपणार. आणखी एक मोठा डबा आणून कालच्या छोट्याला जोडला. सहा तास तरी जावेत. सौ. मोजून बघत होती. "एक वाक्य बोलायला लागलं असतं," म्हणाली. झोपायला निघून गेली.

२४ एप्रिल
जीपमध्ये लिहितोय. अक्षर घाटाचं.

रूपाबाई आज पाटी घेऊन आली, वजन दुसऱ्या व्यापाऱ्याकडे, तिथेही तसंच. तेही टिपलं. तीन चाळीसला बोगदा लागला. पहिल्या फटक्यात. व्हिडिओ चढायला लागला. बाई बाजूला उभी, फोनवरच्या सरकत्या पट्टीकडे पाहत. "गेलं का?" "जातंय." साठ टक्के. सत्तर.

तेवढ्यात चाचांचा फोन. इथे फोन आला की नेट थांबतं. पट्टी सत्तरवर गोठली.

"शास्त्रीभाऊ, बटन मी पाडेल शे, पन तुम्हनी खिडकीमा हिरवा दिवा चालूच शे. काही जळी ऱ्हायनं. चावी शे मन्हाजोडे, मी वर चढी ऱ्हायनू."

चार वर्षांत ते जिना चढलेले नाहीत.

"चाचा, चढू नका."
"टीव्ही जळना तवय बी दार मीच तोडं ना?"
"चाचा, तो दिवा मीच लावून आलोय. बॅटरीवर आहे. बटण पाडलं तरी चालावा म्हणून."

रूपाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती, फोनकडे नाही.

"मंग माले सांगं का नही?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी रोज पाडू, तुम्हले माहीत व्हतं?"
"सोमवारपासून."
"हा." मग, "आते काय करू? वर करू का खाले ऱ्हाऊ देऊ?"
"वर करा, चाचा."

पेटीच्या दाराची करकर ऐकू आली. खटका ऐकू आला. बिस्मिल्ला ऐकू आलं नाही. फोन बंद.

तीन एकावन्न. पट्टी हलली. ब्याऐंशी, नव्वद. तीन अठ्ठावन्नला फोन म्हणतो, पोहोचलं. "गेलं," म्हटलं. रूपाबाईने पाटी डोक्यावर घेतली. "बघू," म्हणाली.

पाच वाजले. डेस्कचा फोन नाही. आपणहून विचारलं तर नाही म्हणायला सोपं जाईल, म्हणून विचारत नाही. चाचांना दोनदा लावला, वाजून बंद झाला.

अक्कलकुवा आलं, पुढे एसटी. स्कूटर स्टँडवर आहे. ती गल्लीच्या तोंडाशी बंद करून ढकलत न्यावी, की रोजच्यासारखी थेट दारापर्यंत वाजवत, हे अजून ठरत नाही.