नळीत साचलेलं तीर्थ

१९ सप्टें., शुक्र.
साखरखेर्ड्याला कामावर जाताना सायकलीच्या बुडातून खडखड. देशमुख सरांनी निवृत्त होताना दिलेली रेसची सायकल, बावीस वर्षं झाली. नळ्या पातळ, पण पोलाद चिवट. सर म्हणायचे, "तुझ्या नातवालाही पुरेल." आज जपात लक्ष नाही.

२१, रवि.
दुसरबीड. सायकल दुरुस्तीवाल्या रहीमभाईंनी पायडलचा एक्सल काढला. आतून तांबडं पाणी, गाळ, अक्षता. आणि एक सुपारी.
"भाऊ, हे काय मंदिर आहे का?"
खरं ते सांगितलं. दर दसऱ्याला सीट काढून नळीत तांब्याभर पाणी, दूध, नारळाचं पाणी. आंघोळ अर्धी कशी घालायची?
"काऊन, वरून पुसली असती तं देव रागावला असता?"
पान्याने नळी वाजवली. वर टण्ण, खाली थप.
"बाहेरचे दणके पोलाद खाते हो. आतून गंजलं की पातळ नळीचा कागद होते."
वेल्डिंग?
"नळीच जळून जाईन. तेल सोडा, वाळू द्या. दसऱ्याच्या आधी येऊन वाजवतो. मंग ठरवू, बसाची का भिंतीवर टांगाची."

२४, बुध.
ओसरीत उलटी टांगली. आत ऑइल. थेंब थेंब गळतंय.
ही म्हणाली, "एवढं तेल माह्या डोक्याले कधी आणलं नाही."
कामावर एसटीने. उभा.

२७, शनि.
वाजवायची सवयच लागली. घागर, खांब, दाराची कडी. हिने पान्याची उलटी बाजू माझ्या टाळूवर हळूच मारली. "थप," म्हणाली.
भक्तीने आला तरी गंज तो गंजच. सरांना काय सांगू...

१ ऑक्टो., बुध.
रहीमभाई आले. तीनदा वाजवली. टण्ण नाही, थपही नाही.
"बसू का?"
"बसा. खड्डा आला की उतरा."
"रस्ता साखरखेर्ड्याचा आहे."
"मंग पायीच जा बापा."

२ ऑक्टो., दसरा.
पूजा कोरडी. कुंकू, झेंडू. पाणी नुसतं दाखवलं. चुकल्यासारखं वाटलं, पण देवाला समजेल.
मग बसलोच. वेशीपर्यंत ठीक. तिथे पहिला खड्डा. उतरणार होतो, उतरलो नाही. नाव घेतलं, डोळे मिटले. आत गेलो, बाहेर आलो.
काहीतरी वाजलं. नळी की माझी कंबर, कळलं नाही.