आधी कसं, मग कुठे, मग केव्हा

कोपर, डोंबिवली पश्चिम
२२ सप्टेंबर २०२५

ती. दीप्तीताईंना,
धाकट्या भावजयीचा शि. सा. न. वि. वि.

बाळकुमहून पाठवलेला तुमचा धडा मिळाला. पाकीट शेजारच्या प्रमोदिनीकाकूंच्या नावाने आलं, त्यांनी पिठाच्या डब्याबरोबर आणून दिलं. माझा फोन हे रोज संध्याकाळी तपासतात, म्हणून आजच्या काळात तुम्हाला पत्रं लिहायला लावते आहे. तुमचं अक्षर शाळेतल्या बाईंचं, वळणदार. माझे मेले कोंबडीचे पाय.

दिवाळीनंतर ठाण्यातल्या दातांच्या दवाखान्यात काउंटरच्या नोकरीसाठी इंग्रजीची लेखी परीक्षा आहे. बाकी सगळं जमतं, पण विशेषणं एकापुढे एक आली की माझी गाडी घसरते. टेबल जुनं आधी, की लाकडी आधी, की तपकिरी? टेबल तर तेच राहतं ना! दहा वाक्यं करून पाठवली आहेत, हसू नका.

तुम्ही दिलेलं व्याकरणाचं पुस्तक मात्र आता नाही. परवा ह्यांनी ते पेटत्या गॅसवर धरलं. मी ओढायला गेले, तर माझा हातही तिथेच धरून ठेवला. नोकरीचं नाव काढलं तर पुढच्या वेळी तोंड धरीन म्हणाले. मलम लावलंय, फोड बसतायत. हे लिहायचं नव्हतं, पण गुहागरला आईला सांगता येत नाही आणि पाठीशी भाऊ नाही. ह्यांना यातलं काही कळवू नका, एवढं ऐका.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
कल्पिता

—

बाळकुम, ठाणे
२७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. कल्पितास,
नणंदेचे पोटभर आशीर्वाद.

आधी अभ्यास, बाकीचं मग. 'वुडन ब्राउन ओल्ड टेबल' लिहिलंस. लाकडाला एवढी कसली घाई? ते नामाला चिकटून बसतं. आधी तुझं मत, मग आकारमान, मग वय, मग रंग, शेवटी कशापासून केलंय ते. 'नाइस ओल्ड ब्राउन वुडन टेबल'. लग्नाच्या फोटोत कोणी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं असतं ना, तसंच. 'आय लाइक व्हेरी मच अळूवडी' यातली 'व्हेरी मच' उचल आणि अळूवडीच्या मागे ठेव. तुझी हाव कळली, पण वडी आधी येऊ दे! क्रियाविशेषणांचं सोपं आहे. एखादी गोष्ट कशी झाली ते आधी, कुठे झाली ते मग, केव्हा झाली ते शेवटी.

आता दुसरं. 'ही शाउट्स ऑलवेज' या वाक्यात 'ऑलवेज' क्रियापदाच्या आधी हवं. ती खूण करताना माझ्या डोळ्यांसमोर तुझा हात येत होता. आई गेली तेव्हा सुदेश एवढासा होता. त्याला मी भरवलं, शाळेत सोडलं, चुकला तर कान पिळला. माझ्या एका नजरेने गप्प व्हायचा. फोनवर तो हो हो म्हणून ठेवून देतो, म्हणून तू नको म्हणालीस तरी मी त्याला आज चार पानी पत्र टाकलं आहे. चांगलं खडसावलंय. मोठ्या बहिणीचं तो ऐकेल. तू निर्धास्त राहा.

हाताला पाणी लागू देऊ नकोस.

तुझी,
दीप्तीताई

—

कोपर
८ ऑक्टोबर २०२५

ती. दीप्तीताईंना,
नमस्कार.

तुमचं पत्र सुदेशने मला भिंतीशी उभं करून मोठ्याने वाचून दाखवलं. एक ओळ वाचायचा, एक थोबाडीत द्यायचा. तुम्ही पत्र फार मोठं लिहिलं होतं, ताई.

दुसऱ्या पानावर मी खाली पडले. मग त्याने लाथांनी पुरं केलं. डाव्या कानातून रक्त आलं, आता त्या बाजूला नुसती शिट्टी वाजत राहते. मी नको म्हटलं होतं. तुम्ही तुमच्या भावाला ओळखता, मी माझ्या नवऱ्याला ओळखते. रागावून लिहिते आहे, पण रागावायला तरी मला दुसरं कोण आहे?

पोलिसांना इथे पाठवू नका. ते निघून गेल्यावर घरात मी, तो आणि बंद दार एवढंच उरेल. पळून जावं तर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आमच्या गेटसमोरच आहे. दिवसभर तो तिथून नजर ठेवतो आणि कुठे जायचं झालं तर बाहेरून कुलूप घालून जातो. त्याच्या किल्लीची जोड फार पूर्वीपासून प्रमोदिनीकाकूंकडे असते, हे तो विसरला आहे. काल त्याने सांगितलं की पुढचं पत्र सापडलं तर जिवंत ठेवणार नाही. मला ते खरं वाटतं.

गृहपाठ एकच वाक्य आहे. 'ही किक्ड मी ब्रूटली इन द किचन ऑन सॅटरडे.' आधी कसं, मग कुठे, मग केव्हा. क्रम बरोबर आहे का, ते कळवा.

कल्पिता

—

बाळकुम
१२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. कल्पितास,
आशीर्वाद द्यायची माझी लायकी राहिली नाही, तरी देते.

क्रम बरोबर आहे. लाल पेन हातात घेऊन बसले होते, एकही खूण करावी लागली नाही. मग मी न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

आता नीट वाच आणि पत्र जाळ. तेवीस तारखेला भाऊबीज आहे. सुदेश दरवर्षीसारखा ओवाळून घ्यायला इकडे येईल. तुझी अवस्था मला दिसू नये म्हणून तो तुला बरोबर आणणार नाही, कुलूप घालून येईल. तो इथे पोचला की मी प्रमोदिनीकाकूंना फोन करून फराळाला या म्हणेन. तेवढ्यावर त्यांनी कुलूप काढायचं आणि तुझ्यासोबत रिक्षात बसायचं. आधी पोलीस ठाणं, मग सरकारी दवाखाना, मग ठाण्यात माझ्या मैत्रिणीकडे, रसिकाकडे. तिला सगळं सांगून ठेवलं आहे. मी त्याला पाटावरून उठू देणार नाही. काय वाट्टेल ते झालं तरी.

तोपर्यंत त्याच्यासमोर मान खाली ठेव. मला सांगायला लाज वाटते, पण ठेव.

तुझी,
दीप्तीताई

—

बाळकुम
२५ ऑक्टोबर २०२५

चि. कल्पितास,
जिवंत नणंदेचे जिवंत भावजयीला आशीर्वाद.

तू पोचल्याचं रसिकाने कळवलं. आता इकडचं सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकावं लागणार नाही.

सुदेश माझ्यासाठी साडी घेऊन आला. तुला ताप आहे म्हणाला. मी पाट मांडला, कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. त्याच्या मनगटावर तुझ्या नखांचे ओरखडे होते, तरी ओवाळलं. मग एकेक पुरी तळून वाढत राहिले. तो बालपणीच्या गोष्टी सांगत होता आणि खरं सांगते, मला तो आवडत होता. तेव्हाच त्याला त्याच्या दुकानाशेजारच्या दुकानदाराचा फोन आला की घर उघडं आहे.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. निरांजनासकट ताट लाथेने उडवलं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. केस धरून त्याने माझं डोकं चौकटीवर आपटलं, पुन्हा आपटलं. मी कडी सोडली नाही. माझे हे बोटीवर असतात, घरात दुसरं कोणी नव्हतं. माझ्या ओरडण्याने शेजारी मागच्या दाराने आले, चौघांनी मिळून त्याला धरलं. कपाळाला टाके पडले आहेत आणि पुढचा एक दात गेला. तुझ्या दातांच्या दवाखान्यात यावं लागेल!

पोलीस त्याला घेऊन गेले आणि मला विचारलं कसं झालं, कुठे झालं, केव्हा झालं. जन्मभर हेच शिकवत आले आणि मला धड सांगता येईना. मग तुझं वाक्य आठवलं आणि तसंच सांगत गेले. तक्रारीवर सही केली. मामा सकाळपासून फोन करतायत की पाठच्या भावाला तुरुंगात घालशील का, सही मागे घे. मी घेणार नाही. पण कल्पिता, घरात कुंकू सांडलंय आणि ते पुसायला माझा हात वळत नाही.

तुझी,
दीप्तीताई

—

ठाणे
९ नोव्हेंबर २०२५

ती. दीप्तीताईंना,
साष्टांग नमस्कार, या वेळी अगदी मनापासून.

परीक्षा दिली. विशेषणांची वाक्यं आली होती, लाकूड नामाला चिकटून बसवलं. निकाल लागायचा आहे. दवाखान्यात काउंटरवर फोन उजव्या कानाने घेता येईल ना, हे मीच आधी विचारून घेतलं, कारण डाव्या कानाचा पडदा फाटला आहे आणि डॉक्टर फारशी आशा दाखवत नाहीत.

तुमच्या त्या चार पानी पत्राचा राग अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण कडी तुम्ही सोडली नाहीत, हे रोज आठवतं. तुम्हाला तो आवडत होता, हेही मला कळतं. मलाही कधीतरी आवडायचा.

येत्या रविवारी मी बाळकुमला येते आणि कुंकू पुसून काढते. भाऊबीज होऊन गेली, पण मला भाऊ नव्हता आणि आता तुम्हालाही नाही. तेव्हा पाट पुन्हा मांडा, मी बसेन त्यावर. ओवाळताना जे काही म्हणाल, ते माझ्या उजव्या बाजूला उभं राहून म्हणा. मला सगळं ऐकायचं आहे.

तुमचीच,
कल्पिता