दुपारच्या बोटीविषयी मी लिहिलेला दुसरा परिच्छेद

प्रति,
मा. जलवाहतूक विभाग प्रमुख,
हेरिम तालुका कार्यालय, हेरिम.

विषय : दामुकदो बेटाची दुपारची परतीची बोट बंद करण्याच्या सूचनेत माझा अभिप्राय उलट बाजूने धरल्याबाबत.
संदर्भ : १) आपली जाहीर सूचना, दि. २० नोव्हेंबर २०२३. २) आपले पत्र, दि. १ डिसेंबर २०२३.

महोदय,

१. दिनांक ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सकाळी साडेदहा वाजता दामुकदोच्या विरंगुळा केंद्रात आपल्या कार्यालयाने 'मत तर्काने मांडा' हा वर्ग घेतला. हजर रहिवासी अकरा. दुपारची बोट ठेवावी की बंद करावी, यावर लेखी अभिप्राय मागवण्यापूर्वी आम्हां वृद्धांना ते लिहिण्याची रीत शिकवावी, हा आपला हेतू स्तुत्यच होता.

२. माझी पत्नी प्यो ओक-बुन हिला आठवड्यातून तीन वेळा पलीकडच्या मुख्य किनाऱ्यावरील इस्पितळात डायलिसिस करावे लागते. सकाळच्या बोटीने ती जाते, दुपारच्या बोटीने परतते. त्यानंतर बोट नाही. ही बंद झाल्यास तिला किनाऱ्यावरील वृद्धांच्या रुग्णालयात कायमचे ठेवावे लागेल. मूळ मुद्दा एवढाच आहे. वर्गात मी तो मांडला, तेव्हा शिक्षिका श्रीमती उम म्हणाल्या, "आजोबा, दुःख म्हणजे पुरावा नव्हे. विरुद्ध बाजू आधी तिच्या सगळ्यांत जोरकस शब्दांत लिहा, मग खोडा. नाहीतर वाचणारा म्हणेल, म्हातारा एकतर्फी बोलतोय."

३. मला हे पटले. मी यंत्रशाखेचा पदविकाधारक असून बर्फाच्या कारखान्यात मी अमोनियाच्या टाक्या सांभाळल्या आहेत. नवी टाकी वापरात घेण्यापूर्वी तिला नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन पाहतात. टिकली तरच तिच्यावर विसंबतात. तर्काचेही तसेच असावे, असे समजून मी पहिल्या परिच्छेदात मागणी लिहिली व दुसऱ्यात विरुद्ध बाजू : 'हिवाळ्यात बोट बहुधा रिकामीच येते. चार म्हाताऱ्यांसाठी डिझेल जाळणे हा सार्वजनिक निधीचा अपव्यय आहे.' तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत मी हे म्हणणे क्रमाने खोडले. बोटीची गरज तीत बसलेल्यांवरून नव्हे, तर तिच्यावाचून ज्यांना बेट सोडावे लागेल त्यांच्यावरून ठरवावी, हा त्याचा सारांश. शेजाऱ्यांनी माझा मसुदा पुढ्यात ठेवून आपापले अभिप्राय उतरवले. त्यामुळे सर्वांचा दुसरा परिच्छेद शब्दशः एकच आला. पत्नी तेव्हाच म्हणाली होती, "ज्याच्याशी भांडायचं त्यालाच आधी पोटभर भात वाढायचा? ही कुठली रीत काढली तुम्ही?" मी तिला तर्कशास्त्र समजावून सांगितले.

४. आपल्या सूचनेत 'रहिवाशांचे स्वतःचे म्हणणे' या मथळ्याखाली तोच दुसरा परिच्छेद माझ्या नावानिशी छापलेला आहे, आणि अकराही अभिप्राय 'बंद करण्याच्या बाजूने' या रकान्यात धरले आहेत. मी समक्ष आलो असता आपले लिपिक श्री. माएंग म्हणाले, "आजोबा, अक्षर तुमचंच ना? सही तुमचीच ना? मग आम्ही पदरचं काय घातलं?" पुढच्या चार परिच्छेदांविषयी विचारल्यावर म्हणाले, "रकान्यात दोनच वाक्यं मावतात हो. आणि तुमची ही दोन अशी चोख उतरलीत, की साहेबांनी कानामात्रासुद्धा बदलला नाही."

५. त्यानंतर मी विरुद्ध बाजू संपूर्ण गाळून नवा अभिप्राय सादर केला. तो संदर्भ २ अन्वये परत आला. शेरा : 'एकतर्फी, विचारार्थ घेता येत नाही.' यावरून निष्पन्न होते ते असे : विरुद्ध बाजू लिहिली, तर ती कबुली ठरते, न लिहिली, तर अभिप्राय बाद ठरतो. लिहिण्याचा तिसरा प्रकार आपल्या नियमांत असल्यास कृपया कळवावा. माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे, तरी तो शिकण्याची माझी तयारी आहे.

६. चाचणीचा दाब हाच रोजचा दाब समजून आपण धडधाकट टाकी मोडीत काढत आहात, हे मी नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो. पत्नीने दोन पांघरुणे व तिखटाच्या चटणीची बरणी बांधून ठेवली आहे. तिचा आपल्यावर राग नाही. मला एवढेच म्हणाली, "तुमचा तर्क बरोबरच असेल हो. पण मला तिकडे पत्र लिहाल, तेव्हा पहिल्याच परिच्छेदावर थांबा."

७. सबब विनंती, की माझ्या अभिप्रायाचे परिच्छेद तीन ते सहा एकवार वाचावेत, व दुपारची बोट निदान डायलिसिसच्या तीन दिवशी तरी चालू ठेवावी. डिझेल महागले आहे, आणि परवाच्या बोटीत आम्ही दोघेच होतो, हेही प्रामाणिकपणे नमूद करणे मला भाग आहे.

उत्तराच्या अपेक्षेपेक्षा सवयीनेच लिहिणारा,
आपला नम्र,
तक मान-स्योक
दामुकदो, दि. ११ डिसेंबर २०२३

सोबत : मूळ अभिप्रायाची प्रत (परिच्छेद १ ते ६), परत आलेला अभिप्राय, इस्पितळाचा दाखला.

कार्यालयीन शेरा : प्रवासी दोनच असल्याचे अर्जदारास मान्य. अभिप्राय म्हणून दाखल. बोट बंद करण्याच्या बाजूने : १२. विरोधात : ०.