खरवडलेलं नाव

३ नोव्हेंबर १९८७
आले बाई एकदाची! रेजिमेंटचं संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या, पण हीटर झकास आहे. माझं काम दुसऱ्या महायुद्धातल्या या रेजिमेंटच्या रणगाड्यांचे फोटो ओळखायचं. त्रिकोण रंगवलेला असेल तर पहिली तुकडी, चौकोन दुसरी, वर्तुळ तिसरी. शिवाय प्रत्येक रणगाड्याला त्यातल्या सैनिक पोरांनी ठेवलेलं नाव. शत्रूला कळू नये म्हणून सेन्सॉरनं फोटोंवरच्या या खुणा तेव्हाच खरवडल्यात. तिरपा उजेड पाडला की खालचं पुसट दिसतं. ते फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहायचं. इथली सर्वेसर्वा लॉर्ना म्हणाली की, पोरी, नवरा शोधण्यापेक्षा सोपं आहे हे. तिच्या हातचे गोड बटर टार्ट मी मागून घेऊन खाल्ले.

५ नोव्हेंबर
पहिलं नाव लागलं. वर्तुळवाला ‘कॅरिबू’. वर बसून पोरं चहा पितायत. मागे नाव लिहिलं.

६ नोव्हेंबर
कॅरिबूच्या फोटोत आज पोरं नाहीत. जळका सांगाडा आहे. लॉर्ना म्हणते, तो पहिल्यापासून जळकाच, तू चष्मा बदल.

९ नोव्हेंबर
मुद्दाम दुसऱ्या एका रणगाड्याचं, ‘बॅजर’चं, नाव लिहिलं आणि बघत बसले. कागद तापला. पोरं गेली. मला काहीच वाटलं नाही. डबा खाल्ला.

११ नोव्हेंबर
युद्धात पडलेल्यांचा स्मृतिदिन. आयरीनबाई आल्या, छातीवर या दिवशी लावतात ते लाल पॉपीचं फूल. त्यांचा भाऊ डेल्बर्ट युद्धात इटलीत मारला गेला, देह मिळाला नाही. म्हणाल्या, त्याच्या रणगाड्याचं नाव तेवढं शोध गं, मी आहे तोवर दगडावर कोरून घेते.
तो फोटो माझ्याकडेच आहे. डेल्बर्ट हात हलवतोय. नाव ‘अ‍ॅस्पेन’. वाचता येत नाही, असं मी त्यांना म्हणाले. लिहिलं नाही तोवर तो हसतोय.

१३ नोव्हेंबर
लॉर्नानं ‘अ‍ॅस्पेन’ वाचलं. म्हणाली, तुझे डोळे आहेत की बटणं? फोटोची प्रत आयरीनबाईंना देऊनही आली. नाव मागे त्या स्वतःच्या हातानं लिहिणार आहेत.

१४ नोव्हेंबर
मूळ फोटोवरचं नाव ब्लेडनं खरवडून काढलं. मग आयरीनबाईंना फोन लावला. त्यांनी आत्ताच लिहिलंय —
कागद गरम लागतोय म्हणाल्या. छान वाटतंय म्हणाल्या. मी ओरडले, टाका तो, खाली टाका —
म्हणाल्या, इतक्या वर्षांनी हाताला लागलाय गं, सोडू कसा —
माझ्यासमोरच्या फोटोत डेल्बर्टचा हात खाली आलाय. तोंड उघडं —
बाई बोलत नाहीत. फोन चालू आहे. पलीकडे काहीतरी जळल्यासारखं तडतड