तसलं काही न्हाई

तुमच्या भावकीतल्या त्या थोरल्या माणसाला लाज न्हाई. काल आपल्याच ओसरीत बसून, माझ्या हातचा चहा बाजूला सारून त्यानं विचारलं, "मृत्युंजय, तुझ्या बायकोच्या चुलीवर डुक्कर शिजतं म्हणं?"

तुमी मान खाली घालून म्हणलात, "छे आप्पा, तसलं काही न्हाई आपल्या घरात." मी आत चुलीपाशी होते. समदं ऐकलं.

मांजरसुंब्याच्या नव्या हॉटेलात तुमी कंपनीच्या साहेबांना निखाऱ्यावर डुक्कर भाजून वाढता. वरची बोराची आंबटगोड चटणी माझ्या आईनं तुमाला शिकवली. तिथं तिला सॉस म्हणतात अन् तुमी ते ऐटीत सांगता.

वर्षावन्संच्या लग्नाला आप्पानं आपल्याला बोलवावं म्हणून खोटं बोललात, कळतंय मला. पण त्या 'तसलं'मधी मी पण आले.

आज घरात तेच डुक्कर भाजलंय. ताट झाकून ठेवलंय, चटणी वाटीत हाय. गरम हाय तवर जेवा. मी गिरणीत दळणाला चालले.

लग्नाला मी वडाराची लेक म्हणूनच येणार, न्हाईतर येणार न्हाई. आप्पाला खरं सांगायला तुमी जाता का मी जाऊ? मी आल्या आल्या तोंडानं सांगा.

— अंबू