दहा वेळा ‘मला’

४ जाने. १९५५
चौथीचा वर्ग. गंगू वाचनात पहिली. गणित फळ्यावर घातले तर उठून म्हणाली, “गुरुजी, मले येते.” म्हटले, मले नाही, मला. दहा वेळा म्हण. म्हणाली. पोरे हसली, मीही हसलो. २८ ला डिप्टीसाहेब तपासणीला. भाषा सुधारायलाच हवी.

८ जाने.
गंगू तीन दिवस गैरहजर. पोट दुखते म्हणे.

१२ जाने.
आली. उत्तर पाटीवर लिहिते, सगळे बरोबर. तोंड उघडत नाही.
संध्याकाळी तिचा बाप रामाभाऊ तलावावर जाळे सुकवताना भेटला. म्हणाला, “गुरुजी, शाळा म्हटली की सकाळी उलटी होते पोरीले. आमाले बी मले म्हणू देत नाई. म्हणते, आपली बोली भिकार हाय.” डिप्टीसमोर बोलली नाही तर तो तिला शाळेतून काढणार, घरी जाळे विणायला बसवणार.


१३ जाने.
नॉर्मल स्कूल, नागपूर. मास्तरकी शिकायला गेलो, तेव्हा मीही मले म्हणायचो. मला ‘मलेमास्तर’ म्हणत. महिनाभर नीट जेवण गेले नव्हते. हे सगळे विसरून त्या पोरीला दहा वेळा... लाज वाटते.

१८ जाने.
वर्गात ते सगळे सांगून टाकले. “मले बी हसले होते नागपुरात.” सारे हसले. हे हसू बरे वाटले. गंगूला तलावातल्या मासोळ्या विचारल्या. एकच शब्द, “मरळ.” चला, एक तर एक.

२८ जाने.
साहेब आले. तलावाकाठचे गाव, म्हणून त्यांनी माशांची नावे विचारली. गंगू उठली. मरळ, शिंगी, वाम, भरभर. तुला कोणता धरता येतो, म्हणाले. “म...” अडकली. माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. कोणत्या शब्दासाठी, माझे मलाच ठाऊक नाही.
“मले मरळ धरता येते.”
साहेबांनी शेरा लिहिला आणि वर्गासमोर वाचला: मुलांची भाषा अशुद्ध, शिक्षकाने लक्ष द्यावे. गंगू खाली बघत बसली.
सुटी झाल्यावर दाराशी थांबली. “गुरुजी, उद्या येऊ?”
“ये.”
सकाळी पोट दुखले नाही तर येईल. शेऱ्याखाली माझी सही हवी आहे. अजून केलेली नाही.