इम्पोज न केलेले अकरा मांडे

मु. पो. पहूर,
चैत्र वद्य दशमी

तीर्थस्वरूप इंदिराअक्का,

धाकट्या गिरधरचा, उन्हाने घामेजलेला पण मनापासूनचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं कसे आहेत ते पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यापासून तुला बारीक अक्षर वाचता येतं असं कळलं, तरी मी मोठंच काढतो आहे. फोन असताना हा गिरधर पत्र काय लिहीत बसला, असं तुझ्या मनात आलंच असेल. अक्का, फोनवर तू बोलतेस आणि मी 'हं' म्हणतो. चाळीस वर्षं हेच चाललं आहे (लँडलाइनच्या काळात 'हं' म्हणायचे पैसेही पडायचे). यावेळी मला सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं आहे आणि मध्ये तुला बोलता येणार नाही अशी एकच सोय मला सापडली. पत्र पोस्टाने पाठवत नाही, माणसाबरोबर पाठवतो आहे. माणूस विश्वासातला आहे, थोडा मूर्ख आहे.

सुरुवात होळीला झाली. नीलेश पुण्याहून दोन दिवसांसाठी आला होता. निघताना मी नेहमीप्रमाणे त्याच्या गाडीत केळीचा एक घड, उडदाचे पापड, दादर जातीची दहा किलो ज्वारी आणि भरताची वांगी ठेवत होतो. वांगी मागच्या सीटवर ठेवली, पट्टा लावून. मी त्याला म्हणत होतो की तू त्या कंपनीत दुसरी जागा बघ, तुझा साडू बघ कुठे पोचला, आणि पुण्यात पाणी उकळून पीत जा. तर तो एकदम म्हणाला, "नाना, तुम्ही सगळं इम्पोज करता." रागावून नाही म्हणाला. दमून म्हणाला. मग पाया पडला आणि गेला. तुझी भावजय बेबा हात हलवत फाटकात उभी राहिली आणि मी त्या शब्दापाशी.

तुला माहीत आहे, मला एखादी गोष्ट कळली नाही की जेवण उतरत नाही. नीलेशच्या शाळेतली जाडी डिक्शनरी माळ्यावरून काढली. तिला वाळवीने 'ए'पासून 'डी'पर्यंत खाल्लेलं आहे, पण 'आय' शाबूत निघाला. इम्पोज म्हणजे कर बसवणे. मी म्हटलं, मी कुठे कर बसवला? पुढे, दंड ठोठावणे. तोही नाही. बंदी घालणे. (मोटारसायकलची घातली होती, दहावीत. पण ती त्याने तेव्हाच मोडली.) पुढे, आपलं मत दुसऱ्यावर लादणे. इथे मी चष्मा पुसला. आणि सगळ्यात शेवटी, बारीक टायपात, न बोलावता कुणाच्या घरी जाऊन स्वतःला त्यांच्यावर लादणे. हा अर्थ मला अजिबात कळला नाही. कर लादता येतो, माल लादता येतो, पण माणूस स्वतःला उचलून दुसऱ्यावर कसा ठेवणार?

म्हणून ज्ञानेश्वर सरांकडे गेलो. रिटायर झाले तरी इंग्रजी त्यांच्या अंगातून गेलेलं नाही. ते मारुतीच्या पारावर बसलेले होते. त्यांनी सांगितलं की त्याच शब्दापासून 'इम्पोझिंग' होतो आणि त्याचा अर्थ भव्य, रुबाबदार, डोळ्यांत भरणारा. मला बरं वाटलं. मुलगा कदाचित तेच म्हणाला असेल. सर म्हणाले, नाही, तो ते म्हणालेला नाही. मग मी विचारलं, सर, आपण पंगतीत जो आग्रह करतो त्याला इंग्रजीत काय म्हणतात? सरांनी दोन शब्द सांगितले, स्वतःच खोडले, मग तंबाखू मळली. शेवटी म्हणाले, गिरधर, साहेबाच्या पंगतीत आग्रहच नसतो, तर शब्द कुठून असणार? नको म्हटलं की तिथे वाढत नाहीत. मी विचारलं, मग पाहुणा उपाशी राहत नाही का? सर म्हणाले, तो मुळात नकोच म्हणत नाही. मला ही फार मोठी बातमी वाटली. घरी येऊन बेबाला सांगितली. तिने विचारलं, किराणा आणला का? (नव्हता आणला.)

तेव्हा मी ठरवलं, अक्का, की आपणही जरा सुधारावं. साठी झाली म्हणून माणसाने शिकायचं थांबू नये. यापुढे कुणालाही काहीही इम्पोज करायचं नाही. नीलेशला पापड पाठवणं बंद केलं. चहावाल्याला 'आलं टाक' म्हणणं बंद केलं. शेजारच्या उखर्डूला त्याच्या केळीला पाणी किती द्यावं हे सांगणं बंद केलं (तो आजारी आहात का म्हणून विचारून गेला). चांगलं चाललं होतं. आणि पाडव्यानंतरच्या रविवारी आपल्या डिंपलचे सासू-सासरे आले.

हिलालभाऊ आणि प्रमिलाबाई जळगावला कुणाच्या तरी साखरपुड्याला आले होते, तिथून आमच्याकडे. लग्नानंतर व्याही पहिल्यांदा दारी आले. बेबा पहाटे चारला उठलेली. चुलीवर मातीचं खापर उलटं घालून तापवलं, पुरण वाटलं आणि एकेक मांडा हातावर फिरवत चौदा केले. तुला मी मांड्यांचं काय सांगू, तूच तिला शिकवलेस. वर मोसमातला पहिला आमरस. हिलालभाऊंची ख्याती तुला माहीत आहे. डिंपलच्या लग्नात त्यांनी वरणाबरोबरच्या बट्ट्या मोजू दिल्या नव्हत्या. तर पहिला मांडा संपला, मी दुसरा घेऊन गेलो. हिलालभाऊंनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "बस बस, आते नको, पोट भरी गयं." अक्का, तुझा भाऊ मागे वळला. मांडा परत घेऊन आला. 'बरं' म्हणून.

हिलालभाऊंचा आडवा हात ताटावर तसाच राहिला. प्रमिलाबाईंनी अर्धा मांडा खाल्ला होता. त्यांनीही रीत म्हणून हात पुढे केला, आणि मी त्यांचाही हात बाजूला सारला नाही. बेबा चुलीपाशी ताठ उभी राहिली. "काय झालं तुमले? पाव्हण्यायले इचारता काय, वाढा ना!" असं ती दातांतून म्हणाली, स्वतः मांडा घेऊन निघाली, तर मी तिचा हात धरला. होय, धरला. सरांचं वाक्य माझ्या डोक्यात होतं. मी तिला हळूच म्हटलं, त्यांची इच्छा नाही, आपण इम्पोज करायचं नाही. चार महिन्यांपूर्वी मुलगी दिलेल्या घरच्या माणसांसमोर मी हे केलं. पाहुण्यांनी हात धुतले, पान खाल्लं, जेवणाला 'बठ्ठं बेस व्हतं' म्हणाले आणि उन्हातच निघाले. हिलालभाऊंनी एक, प्रमिलाबाईंनी अर्धा, मी दीड (अर्धा भुकेचा, एक घाबरून). अकरा मांडे उरले. बेबाने ते गल्लीत वाटले आणि प्रत्येक दारात कारणही वाटलं.

संध्याकाळी रिक्षावाला भाईदास आला. पाहुण्यांना गाडीसाठी फाट्यावर त्यानेच सोडलं होतं. म्हणाला, नाना, फाट्यावर उतरून पाव्हण्यांनी तीन प्लेट भजी खाल्ली, आणि वर पाव. त्यांना गाडी मिळेपर्यंत तो थांबला होता म्हणून मोजता आली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. ज्या घरात चौदा मांडे झाले त्या घरचा व्याही फाट्यावर भजी खातो, यापेक्षा मोठा अपमान मी ठरवून केला असता तरी मला जमला नसता.

आता मुख्य. आठ दिवसांवर अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आली. डिंपलची लग्नानंतरची पहिली. बेबाने कडुलिंबाला झोका केव्हाच बांधला आहे, सांजोऱ्यांचा रवा आणून ठेवला आहे, डिंपलच्या तीन मैत्रिणी रोज विचारायला येतात. रीतीप्रमाणे सासरचे दिवस सांगतात आणि मग माहेरचा माणूस मुऱ्हाळी म्हणून आणायला जातो. मी परवा फोन केला, विचारलं, घ्यायला कधी येऊ? हिलालभाऊ म्हणाले, "आखाजीनं देखसूत." आणि फोन प्रमिलाबाईंकडे दिला. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हनी मर्जी, भाऊ. आम्ही काही जोर नही करसूत." अक्का, मी पाडव्यानंतर जे बी पेरलं ते पंधरा दिवसांत उगवलं. या म्हणाले नाहीत, येऊ नका म्हणाले नाहीत. नुसता आडवा हात. मागून डिंपलचा आवाज आला, "नाना आहेत का?" आणि फोन बंद झाला. मला भीती वाटते आहे, अक्का. ती आली नाही तर बेबा माझ्याशी बोलणार नाही ते सोड, मला त्या झोक्याकडे बघवणार नाही.

या आठवड्यात मी दोन लग्नं जेवलो, ती फक्त बघण्यासाठी. तुला गंमत वाटेल. हात आडवा धरण्याचे निदान चार प्रकार आहेत. बोटं फाकवून, ताटापासून वीतभर वर धरलेला हात म्हणजे वाढा. बोटं जुळवून, पण मान दुसरीकडे वळवून बोलत बोलत धरलेला म्हणजे दोनदा विचारून वाढा. हात ताटाला टेकलेला म्हणजे अर्धं वाढा. आणि दोन्ही हात लावून, ताटावर वाकून, डोळे वर करून माणूस नको म्हणाला तर त्याला खरंच सोडा, त्याचं पोट दुखतं आहे. हे मला साठ वर्षं येत होतं! विचार न करता येत होतं. आग्रह करणारा समोरच्याच्या हाताकडे बघत असतो, आणि लादणारा बघतच नाही, एवढाच मला फरक सापडला. ज्ञानेश्वर सरांना सांगितला, त्यांनी वहीत लिहून घेतला. हिलालभाऊंची बोटं चांगली वीतभर वर होती. आणि मी डिक्शनरीकडे बघत होतो.

मग मी नीलेशला फोन केला. म्हटलं, तुझ्या त्या शब्दापायी तुझ्या बहिणीची आखाजी जायची वेळ आली. सगळं ऐकून तो इतका हसला की त्याला खोकला आला. वर म्हणाला, पापड का पाठवले नाहीत, संपलेत. मी म्हटलं, तूच इम्पोज म्हणाला होतास. त्याचं हसू थांबलं. मग म्हणाला, "नाना, मी पापडांचं नव्हतो म्हणालो. मला शेतकी कॉलेजला जायचं होतं. तुम्ही इंजिनिअरिंगचा फॉर्म भरून आणला होता." मी फोन ठेवला नाही, अक्का.  फॉर्म आणला तेव्हा तो काही तरी म्हणाला होता खरा. ताटावर वाकून म्हणाला होता की कसं, ते मी बघितलंच नव्हतं. शेवटी तोच म्हणाला, पापडांबरोबर वांगीही पाठवा.

असो. घरच्या सगळ्यांना माझा नमस्कार, हेमांगीसारखी सून तुला मिळाली त्याबद्दल तिला वेगळा आशीर्वाद. तब्येतीला जप. उन्हात कुणाच्या घरी जाऊ नकोस (हे वाक्य लक्षात ठेवू नकोस, खाली मी उलट लिहिणार आहे).

तुझा धाकटा,
गिरधर

ता. क. : तुझं घर आणि हिलालभाऊंचं घर यांत तीन ओटे आहेत. तू माझ्याबरोबर चल. आपल्याला बसवतील, वाढतील. पण ते एकदाच विचारतील, आणि दोघं मिळून आपल्या तोंडाकडे बघत बसतील. तेव्हा तू पहिल्याच वेळेला 'हो' म्हण. मीही म्हणेन. पोट फुटेपर्यंत म्हणेन. त्यांचा राग जेवूनच उतरेल, बोलून नाही.

आणखी एक : हे मी बेबालाही सांगितलेलं नाही. पिंपळनेरचं स्थळ तू आणलंस तेव्हा डिंपल एकदा 'नको' म्हणाली होती. आपण हसलो होतो, पोरी पहिल्यांदा नकोच म्हणतात म्हणून. जावई तेजस सोन्यासारखा आहे, ती फोनवर हसते, सगळं ठीक आहे. पण नीलेशच्या फोनपासून मला आठवायचा प्रयत्न करूनही आठवत नाही की तेव्हा तिचा हात कुठे होता. जेवणं झाली की मला तिच्याशी पाच मिनिटं एकट्याने बोलू दे. मला एवढंच विचारायचं आहे, आणि यावेळी मी बघणार आहे.

शेवटचं : इथलं अक्षर वाकडं आलं आहे, कारण हे शेवटचं धुळ्याच्या पुढे एसटीत लिहितो आहे. पत्र आणणारा विश्वासातला, थोडा मूर्ख माणूस म्हणजे मीच. तू हे वाचते आहेस म्हणजे, मी आलोय हे न सांगण्याची हेमांगीला शपथ घालून मी पत्र तुझ्याकडे आत पाठवलं आहे आणि तुझं वाचून होईपर्यंत मी तुझ्याच ओट्यावर बसलो आहे. डिक्शनरीतला तो बारीक टायपातला शेवटचा अर्थ मला आज कळला. तू बाहेर येऊन चहा घेतोस का म्हणून विचारशील. मी नको म्हणेन. पहाटे साडेचारपासून माझ्या पोटात काही नाही.